पक्ष, साध्य, सिद्धता: एम.एस्सी.च्या गणिताचा पेपर कसा तयार करायचा

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये मला केटी लागली, म्हणजे नापास झालेला पेपर पुन्हा द्यायची वेळ आली. १०० पैकी २९. त्या पेपरासाठी मी ४१ सिद्धता पाठ केल्या होत्या. आकडा पक्का लक्षात आहे, कारण एक पाठ झाली की वहीच्या शेवटच्या पानावर एक रेघ मारत असे. त्यातल्या चार पेपरात आल्या. दोन मी ओळीला ओळ लावून उतरवल्या. तिसरीत मधली एक ओळ आठवेना, आणि ती नाही म्हटल्यावर पुढचं काहीच आठवेना. चौथा प्रश्न 'खरे की खोटे ते कारणासह सांगा' असा होता: ओपन इंटर्व्हलवर कंटिन्युअस असलेलं फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं. मी पाठ केलेलं प्रमेय क्लोज्ड, म्हणजे दोन्ही टोकं धरलेल्या इंटर्व्हलचं होतं. 'ओपन' हा शब्द समोर छापलेला असून मला दिसला नाही. एका खोट्या विधानाची दीड पानी सिद्धता लिहून मी घरी आले.

पुढच्या खेपेला तोच पेपर ७४ मार्कांनी सुटला. पुस्तकं तीच होती, वेळही तेवढाच होता. बदलली ती अभ्यासाची रीत. आता मी एका डिग्री कॉलेजात शिकवते, आणि रविवारी सकाळी मुलुंडला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एम.एस्सी.ची सात-आठ मुलं येऊन बसतात. परीक्षा जवळ आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, किती प्रूफं पाठ करायची?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

पाठ करायच्या त्या व्याख्या

पाठांतर वाईट असं मी म्हणणार नाही. व्याख्या पाठच हव्यात, पाढ्यांसारख्या, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतील अशा. सर्वांत जास्त मार्क इथेच जातात, आणि मुलांना ते कळतही नाही, कारण व्याख्या 'समजलेली' असते. युनिफॉर्म कंटिन्युइटी म्हणजे काय विचारलं तर उत्तर येतं, "जवळजवळच्या बिंदूंच्या किमतीही जवळजवळ असतात." ही समजूत झाली. तिच्यावर सिद्धतेची एक ओळही उभी राहत नाही.

व्याख्या अशी हवी: प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी असा एक धन डेल्टा मिळतो की, डोमेनमधल्या ज्या कुठल्या दोन बिंदूंमधलं अंतर डेल्टापेक्षा कमी असेल, त्यांच्या किमतींमधलं अंतर एप्सिलॉनपेक्षा कमी असतं. यात बिंदू डेल्टाच्या नंतर आले आहेत. साध्या कंटिन्युइटीत बिंदू आधी ठरतो, मग एप्सिलॉन येतो आणि मग डेल्टा, म्हणून तिथे डेल्टा बिंदूगणिक बदलू शकतो. सगळा फरक शब्दांच्या क्रमात आहे.

हा क्रम मुलांना पटावा म्हणून मी कुर्ला स्टेशन सांगते. 'कुर्ल्याला थांबणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी एक प्लॅटफॉर्म असतो.' 'कुर्ल्याला असा एक प्लॅटफॉर्म आहे की थांबणारी प्रत्येक गाडी तिथेच येते.' दोन्ही वाक्यांत शब्द जवळपास तेच आहेत. पहिलं खरं आहे. दुसरं खरं असतं तर मेन लाइनवरून हार्बर पकडायला कुणाला जिना चढावा लागला नसता. 'प्रत्येक' आधी की 'असा एक' आधी, एवढाच प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न सोपा नाही. १८२१ साली कॉशीसारख्या माणसानं छापून टाकलं की कंटिन्युअस फंक्शन्सची सिरीज कन्व्हर्ज होत असेल तर तिची बेरीजही कंटिन्युअस असते. १८२६ मध्ये आबेलनं साइन फंक्शन्सची एक सिरीज पुढे ठेवून या प्रमेयाला अपवाद आहेत हे दाखवलं. पॉइंटवाइज आणि युनिफॉर्म कन्व्हर्जन्स यांतला फरक, म्हणजे पुन्हा हाच क्रमाचा फरक, स्वच्छ शब्दांत मांडायला त्यानंतरही कितीतरी वर्षं गेली. तेव्हा तुमचा इथे गोंधळ होत असेल तर घाबरू नका, पण तो गोंधळ तसाच घेऊन पेपरालाही जाऊ नका.

व्याख्येबरोबर तिचा नकारही लिहून ठेवायचा. नियम सरळ आहे: 'प्रत्येक'चं 'असा एक' होतं, 'असा एक'चं 'प्रत्येक' होतं, आणि शेवटची असमानता उलटते. फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही म्हणजे काय? एक धन एप्सिलॉन असा आहे की डेल्टा कितीही लहान घ्या, डेल्टाहून कमी अंतरावरचे दोन बिंदू असे सापडतातच की त्यांच्या किमतींमधलं अंतर एप्सिलॉनएवढं किंवा त्याहून जास्त असतं. हे वाक्य न अडखळता म्हणता आलं की विसंगतीच्या निम्म्या सिद्धतांची पहिली ओळ तुमच्या हातात आली.

मी यासाठी कार्डं केली होती. घरात लग्नपत्रिकांचा ढीग होता, त्यांच्या कोऱ्या बाजू कापून. पुढे नुसता शब्द. मागे व्याख्या, खाली तिचा नकार, त्याखाली व्याख्येत बसणारं एक उदाहरण आणि न बसणारं एक. शेवटची दोन उदाहरणं गाळू नका. ज्या व्याख्येचं न बसणारं उदाहरण तुम्हाला देता येत नाही, ती व्याख्या अजून तुमची झालेली नाही. एका पेपराला साधारण ४० ते ५० कार्डं होतात.

नकाशा

व्याख्या झाल्या की चार्ट पेपर घ्या आणि कुठलं प्रमेय कुणाच्या खांद्यावर उभं आहे ते काढा. अ‍ॅनालिसिसचा नकाशा वरून सुरू होतो तो एका गृहीतकापासून: वरून बाउंडेड असलेल्या, रिकाम्या नसलेल्या वास्तव संख्यांच्या संचाला लीस्ट अप्पर बाउंड असतो. त्यातून बाउंडेड मोनोटोन सिक्वेन्स कन्व्हर्ज होतो हे येतं. त्यावरून बोल्झानो-वायरस्ट्रास: बाउंडेड सिक्वेन्सला कन्व्हर्ज होणारा सबसिक्वेन्स असतो. आणि तिथून फाटे फुटतात. एका फाट्यावर कॉशी सिक्वेन्स कन्व्हर्ज होतात. दुसऱ्यावर क्लोज्ड आणि बाउंडेड इंटर्व्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन आपली सर्वांत मोठी किंमत गाठतं, त्यातून रोलचं प्रमेय, त्यातून मीन व्हॅल्यू थिअरम, त्यातून कॅल्क्युलसचं मूलभूत प्रमेय. तिसऱ्यावर युनिफॉर्म कंटिन्युइटी आणि तिच्यामुळे कंटिन्युअस फंक्शनचं रीमान इंटिग्रल. इंटरमीजिएट व्हॅल्यू थिअरम मात्र थेट लीस्ट अप्पर बाउंडवरून येऊ शकतं.

बोल्झानो-वायरस्ट्रास हे या नकाशावरचं दादर आहे. जिथे जायचं असेल तिथे बहुतेक वेळा त्यावरूनच जावं लागतं. म्हणून त्याची सिद्धता कुठल्याही परिस्थितीत आलीच पाहिजे.

नकाशाचा दुसरा उपयोग पेपरात होतो. रोलचं प्रमेय सिद्ध करा म्हटल्यावर मीन व्हॅल्यू थिअरम वापरून दोन ओळींत मोकळी होणारी मुलं दरवर्षी भेटतात. पण मीन व्हॅल्यू रोलवरूनच आलेलं असतं. नकाशा डोळ्यांसमोर असेल तर खालचं वापरून वरचं सिद्ध करण्याची चूक होत नाही. अल्जिब्रा आणि टोपॉलॉजीचे असेच नकाशे करा. ते लहान होतात, एकेका संध्याकाळचं काम आहे.

एक सिद्धता, लादीवर

आमचं घर तेव्हा भांडुपला चाळीत होतं. एक खोली, खाली शहाबादी लादी. टेबल नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर आई पाट उचलायची आणि मी खडू घेऊन लादीवर बसायचे. सुरुवात नाइलाजानं झाली, पण केटीचा पेपर मी त्या लादीवर तयार केला असं म्हणायला हरकत नाही. वही असली की मागचं पान उलटून बघायचा मोह होतो. लादी ओल्या फडक्यानं पुसली की पुसली. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागतं. तुम्ही पाटी घ्या, पाठकोरे कागद घ्या, काहीही घ्या, पण पुसता किंवा फेकून देता येईल असं घ्या.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना भूमितीची मांडणी आठवत असेल: पक्ष (दिलेलं), साध्य (दाखवायचं), रचना, सिद्धता, आणि प्रत्येक ओळीच्या उजवीकडे कंसात कारण. एम.एस्सी.ला मला त्याच मांडणीनं तारलं. पेपरात मी हरवलेलं तेच प्रमेय घेऊ.

पक्ष: इंटर्व्हल क्लोज्ड आहे, बाउंडेड आहे, फंक्शन कंटिन्युअस आहे. मुद्दाम तीन वेगवेगळ्या ओळींत लिहा. साध्य: फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे.

समजा, ते तसं नाही. नकार पाठ आहेच: एक धन एप्सिलॉन असा आहे की कुठलाही डेल्टा पुरत नाही. मग डेल्टाच्या जागी १, १/२, १/३ असं करत १/एन घालू. प्रत्येक एनसाठी एक्स-एन आणि वाय-एन असे दोन बिंदू मिळतात, त्यांच्यातलं अंतर १/एनपेक्षा कमी, पण किमतींमधलं अंतर एप्सिलॉनपेक्षा कमी नाही. एक्स-एनचा सिक्वेन्स बाउंडेड आहे, म्हणून बोल्झानो-वायरस्ट्रासनं त्याला एक सबसिक्वेन्स मिळतो जो कुठल्यातरी सी बिंदूकडे जातो. इंटर्व्हल क्लोज्ड आहे, म्हणून सी आतच आहे. वाय-एन एक्स-एनच्या १/एन इतके जवळ, म्हणून त्याच क्रमांकांचे वाय-एनही सीकडेच जातात. सीला फंक्शन कंटिन्युअस आहे, म्हणून दोन्हींच्या किमती सीच्या किमतीकडे जातात, म्हणजे त्यांच्यातलं अंतर शून्याकडे जातं. पण ते एप्सिलॉनच्या खाली कधी येतच नव्हतं. विसंगती.

आता पुस्तक मिटा आणि लाल खडू घ्या. पक्षातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ओळीत खर्ची पडली त्यावर खूण करा. 'बाउंडेड' सबसिक्वेन्सच्या ओळीत. 'क्लोज्ड' सी आत ठेवण्यात. 'कंटिन्युअस' शेवटून दुसऱ्या ओळीत. एखाद्या शब्दावर खूण करायला जागा मिळाली नाही तर तुमची सिद्धता कुठेतरी फुटकी आहे, असं समजून पुन्हा वाचा.

मग एकेक शब्द काढून बघा. क्लोज्ड काढा: ० ते १ या ओपन इंटर्व्हलवर १/एक्स. २ पासून पुढच्या प्रत्येक एनसाठी एक्स-एन म्हणजे १/एन आणि वाय-एन म्हणजे १/(२एन) घेतले तर अंतर शून्याकडे जातं, पण किमती एन आणि २एन, त्यांच्यातला फरक एन. सिद्धता नेमकी कुठे अडली? दोघे शून्याकडे जातात आणि शून्य इंटर्व्हलच्या बाहेर आहे, 'सी आतच आहे' या ओळीवर. बाउंडेड काढा: शून्यापासून पुढे अनंतापर्यंत एक्सचा वर्ग. एन आणि एन अधिक १/(२एन) या बिंदूंच्या वर्गांत नेहमी १ पेक्षा जास्त फरक राहतो. इथे सबसिक्वेन्सच मिळत नाही. कंटिन्युअस काढा: ० ते १ या क्लोज्ड इंटर्व्हलवर १/२ च्या आधी किंमत ०, १/२ पासून पुढे १. उडी आहे तिथेच अडतं.

मी त्या पहिल्या पेपरात हे एकदा केलेलं असतं तर 'ओपन' हा शब्द मला दुरून दिसला असता. म्हणून हा भाग कितीही वेळखाऊ वाटला तरी गाळू नका. एका सिद्धतेला यात तास-दीड तास जातो. जाऊ द्या. अशा पंधरा सिद्धता केलेल्या मुलाला उरलेल्या पंचवीस स्वतःच्या स्वतः उभ्या करता येतात.

एक सावधगिरी. अट काढली की निष्कर्ष नेहमी खोटाच होतो, असा समज करून घेऊ नका. शून्यापासून अनंतापर्यंत वर्गमूळाचं फंक्शन घ्या: इंटर्व्हल बाउंडेड नाही, तरी फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे. अट काढल्यावर आपली ही सिद्धता चालत नाही, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. निष्कर्ष खोटा आहे हे दाखवायला उदाहरणच द्यावं लागतं.

शेवटी लक्षात काय ठेवायचं? ओळी नकोत, खुंट्या ठेवा. या सिद्धतेच्या चार: नकार, सबसिक्वेन्स, आतच, विसंगती. खुंट्या आठवल्या की मधली दोरी ताणायला व्याख्या पुरतात. दोन दिवसांनी पुन्हा कोऱ्या जागेवर लिहा. अडलात तर पुस्तकातली तेवढीच एक ओळ बघा, पुस्तक मिटा आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करा. नुसतं वाचत राहिलं की सगळं येतंय असं वाटतं. ते वाटणं फसवं असतं, मी त्याच्या जोरावर ४१ रेघा मारल्या होत्या.

खोट्या विधानांची वही

'खरे की खोटे' या प्रश्नांसाठी वेगळी वही ठेवा. प्रत्येक प्रमेय उलटं करून लिहायचं आणि ते खरं आहे का ते पाहायचं. उत्तर नुसतं 'नाही' असून चालत नाही, कारण लिहावं लागतं, आणि कारण लहान असेल तर पेपरात वेळ वाचतो.

लाग्रांजचं प्रमेय सगळ्यांना येतं: सबग्रुपची ऑर्डर (घटकांची संख्या) ग्रुपच्या ऑर्डरला भागते. उलटं? ऑर्डरला भागणाऱ्या प्रत्येक संख्येएवढा सबग्रुप असतोच का? नसतो. ए-फोर (चार वस्तूंच्या सम अदलाबदलींचा ग्रुप) १२ घटकांचा आहे आणि त्यात ६ घटकांचा सबग्रुप नाही. एवढं बहुतेक मुलांना पाठ असतं. 'का' विचारलं की शांतता. कारण चार ओळींचं आहे. असा सबग्रुप असता तर त्याचा इंडेक्स, म्हणजे १२ भागिले ६, २ झाला असता, आणि इंडेक्स २ असलेल्या सबग्रुपमध्ये ग्रुपमधल्या प्रत्येक घटकाचा वर्ग असतोच. प्रत्येक थ्री-सायकल (तीन वस्तूंची गोल अदलाबदल) ही स्वतःच्या वर्गाचा वर्ग असते, कारण तिचा चौथा घात म्हणजे तीच. म्हणून सगळ्या थ्री-सायकल्स त्या सबग्रुपमध्ये आल्या. ए-फोरमध्ये थ्री-सायकल्स आहेत ८. सहा जणांच्या घरात आठ जण मावत नाहीत.

अशी वीस-बावीस उदाहरणं जमली की पुरे. शून्यापाशी मॉड्युलस, परिमेयावर १ आणि अपरिमेयावर ० घेणारं डिरिक्लेचं फंक्शन, ० ते १ वर एक्सचा एनवा घात, ही मंडळी इतक्या वेगवेगळ्या प्रश्नांत उपयोगी पडतात की त्यांची ओळख घट्ट हवी.

लिहिणं

सिद्धता सापडते शेवटाकडून, लिहायची सुरुवातीकडून. एन भागिले (एनचा वर्ग अधिक १), हा सिक्वेन्स शून्याकडे जातो हे दाखवायचं आहे. कच्च्या कामात तुम्ही मागून येता: हे १/एनपेक्षा लहान आहे, ते एप्सिलॉनपेक्षा लहान हवं, म्हणजे एन १/एप्सिलॉनपेक्षा मोठा हवा. पक्क्या उत्तरात क्रम उलटा: 'एप्सिलॉन हा कुठलाही धन दिलेला आहे. आर्किमिडीजच्या गुणधर्मानुसार १/एप्सिलॉनपेक्षा मोठी अशी एक नैसर्गिक संख्या निवडू. तिच्यापुढच्या प्रत्येक एनसाठी...' आणि मग असमानता. कच्चं काम तसंच्या तसं उतरवलं तर जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत गृहीत धरल्यासारखं दिसतं, आणि परीक्षकाला मार्क द्यायचे असले तरी देता येत नाहीत.

प्रत्येक अक्षर पहिल्यांदा येतं तेव्हा ते कोण आहे ते सांगा. दिलेलं आहे का? मी निवडलेलं आहे का? निवडलं असेल तर कशावरून? एप्सिलॉन समोरचा देतो, एन कुठून पुढे घ्यायचा ते तुम्ही निवडता. डेल्टा तुम्ही निवडता, एक्स पुन्हा समोरचा देतो. हा व्यवहार ज्याच्या उत्तरात स्पष्ट दिसतो त्याचं उत्तर वाचताना परीक्षक थांबत नाही. आणि जिथे पायरी येत नाही तिथे 'उघडच आहे' असं लिहून पुढे जाऊ नका. 'इथे अमुक विधान सिद्ध न करता धरलं आहे' असं लिहा. मी स्वतः तपासताना अशा उत्तराला उरलेल्या भागाचे मार्क देते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी थोडं वेगळं सांगते, कारण हे माझं दुखणं होतं. पेपर इंग्रजीत लिहायचा असतो, आणि सिद्धता म्हणजे सगळा वाक्यांचा खेळ. मी आधी सिद्धता मराठीत मोठ्यानं बोलून दाखवायचे: समजा, म्हणून, कारण, असा एक घेऊ, पण हे तर. ती मराठीत धड बोलता आली की मग इंग्रजी. त्यासाठी लागणारे जोडशब्द दहा-बाराच आहेत: लेट, सपोज, सिन्स, हेन्स, देअर एक्झिस्ट्स, फॉर एव्हरी, सपोज टू द कॉन्ट्ररी. त्यांची वाक्यं एका कागदावर लिहून घटवली की भाषेची भीती आठवडाभरात जाते.

बोलून दाखवायला माणूस हवा. माझी धाकटी बहीण तेव्हा बी.कॉम. करत होती. तिला गणित कळत नव्हतं, पण दर दोन ओळींनी ती "हे कुठून आलं?" एवढंच विचारायची, आणि मी कितीदा तरी तिथेच थांबले आहे. जाणकार मैत्रीण पुष्कळदा तुमची गाळलेली पायरी मनातल्या मनात भरून घेते. बहीण भरून घेत नव्हती.

वेळ आणि गाडी

सहा आठवडे हातात असतील तर पहिले दहा दिवस कार्डं आणि नकाशा. पुढचे तीन आठवडे सिद्धता, दिवसाला दोन, तीनपेक्षा जास्त नकोत. उरलेल्या दिवसांत जुने पेपर, घड्याळ लावून, पूर्ण वेळ बसून, मध्ये चहालाही न उठता. आदल्या रात्री फक्त कार्डं.

माझे दोन विद्यार्थी बदलापूरहून येतात, दिवसाचे अडीच-तीन तास त्यांचे प्रवासात जातात. गर्दीत पुस्तक उघडायला जागा नसते आणि त्याची गरजही नाही. गाडीत नवीन काही वाचायचं नाही. उभ्या उभ्या डोळे मिटायचे, एक प्रमेय घ्यायचं, पक्ष-साध्य म्हणायचं, खुंट्या मोजायच्या. कल्याण ते ठाणे एक, ठाणे ते घाटकोपर एक. खिशात कार्डं असतातच, चौथी सीट मिळाली तर ती काढायची. गणितज्ञ दा. ध. कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) असताना पुण्याहून डेक्कन क्वीननं ये-जा करत. गाडीत गणित घेऊन बसण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे.

पेपराच्या दिवशी

पहिली दहा मिनिटं काही लिहू नका. पेन्सिलीनं प्रत्येक प्रश्नातल्या अटींखाली रेघ मारा: ओपन, क्लोज्ड, फायनाइट, अबेलियन, कनेक्टेड. येतो तो प्रश्न आधी घ्या.

कधी न पाहिलेला प्रश्न आला तर पक्ष आणि साध्य या दोन्हींच्या व्याख्या उलगडून लिहा आणि मधली दरी किती आहे ते बघा. उदाहरण घ्या: दोन फायनाइट सबग्रुप, त्यांच्या ऑर्डर सहमूळ, तर त्यांच्यात आयडेंटिटीशिवाय सामाईक काही नाही हे दाखवा. सामाईक भाग हा स्वतः सबग्रुप आहे, दोघांचाही. लाग्रांजनं त्याची ऑर्डर दोन्ही ऑर्डरना भागते. सहमूळ, म्हणून १. उलगडून लिहिलं की तीन ओळींचं काम. न उलगडता नुसतं बघत बसलं तर अर्धा तास जाऊ शकतो.

शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. पुरवण्यांवर क्रमांक घाला, बांधा, आणि मग पेन्सिलीच्या रेघा घेऊन प्रत्येक उत्तरावरून फिरा: रेघ मारलेली प्रत्येक अट उत्तरात कुठेतरी वापरली आहे का? दुसऱ्या खेपेच्या पेपरात असं फिरताना माझ्या एका उत्तरात 'बाउंडेड' कुठेच सापडेना. पक्षात होता, सिद्धतेत नव्हता. पुन्हा वाचलं तर सबसिक्वेन्सची आख्खी ओळ लिहायची राहिली होती. समासात बाण काढून ती लिहिली, कंसात 'बोल्झानो-वायरस्ट्रास' असं कारण दिलं, आणि मग पुरवण्यांचा दोरा पुन्हा एकदा घट्ट केला.